गट नंबर आणि माणसं

(दहावी १९८८ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी सांगितलं, "तुझ्या कामाबद्दल दहा मिनिटं बोल." शाळेत असताना दहा मिनिटं बोललो की बाकावर उभं राहावं लागायचं, आज तुम्ही सगळे बसून ऐकताय, त्याबद्दल आभार.

मी रस्त्याच्या कामातला इंजिनिअर. पण डांबर-खडीपेक्षा माझी जास्त वर्षं लोकांशी बोलण्यात गेली. महामार्ग आखला की ज्यांची जमीन जाते, ज्यांची विहीर, घर, झाडं जातात, त्यांना भेटायचं, ऐकायचं आणि ते वर कळवायचं. ऑफिसात या लोकांना 'स्टेकहोल्डर' म्हणतात. एका अहवालात मराठीत 'भागधारक' असं छापलं होतं. ते वाचून एका शेतकऱ्यानं विचारलं, "म्हणजे आम्हाला शेअर मिळणार का?" मिळणार नव्हता. मी तो शब्द तेव्हापासून सोडला.

आता माझ्या चुकीची गोष्ट सांगतो. गावाचं आणि कंपनीचं नाव घेत नाही, त्यात त्यांच्यापेक्षा माझाच दोष जास्त होता. वीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी सकाळी अकरा वाजता मारुतीच्या देवळात बैठक लावली. सरपंच आले, सोसायटीचे चेअरमन आले, पाच-सहा जाणती माणसं आली. चहा झाला. मी टिपणात लिहिलं, 'गावाचा विरोध नाही.' अकरा वाजता गाव कुठं असतं हे जामखेडच्या पोराला सांगायची गरज नव्हती. बाया खुरपायला, पुरुष पाण्यावर, म्हातारी माणसं गुरांमागे. मी गावाशी बोललोच नव्हतो.

पुढच्या आठवड्यात एक आजी कॅम्पवर आल्या. म्हणाल्या, "साहेब, माझी विहीर रस्त्याच्या इकडं अन् रान तिकडं. पाणी कसं न्यायचं?" मी म्हणालो, "काळजी करू नका आजी, रस्त्याखालून पाइप टाकून देऊ." मनापासून म्हणालो, पण कुठंही लिहिलं नाही. ड्रॉइंगमध्ये पाइप नव्हता, ठेकेदाराला लेखी आदेश नव्हता, आणि मला मध्येच दुसऱ्या पट्ट्यावर पाठवलं. परत आलो तेव्हा पुरुषभर उंचीचा भराव झाला होता. आधी चर खणून एका दिवसात झालं असतं, त्याला आता भरावातून आडवं भोक पाडणारं यंत्र मागवावं लागलं. तोवर आजींच्या मुलानं डंपर अडवले, पोलीस आले, काम बंद पडलं. पाइप शेवटी पडला. पण आजींची रब्बी गेली होती, आणि गेलेल्या रब्बीचा मोबदला आमच्या कुठल्याच तक्त्यात बसत नव्हता. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "तुम्ही बदलून गेला होता का?"

त्यानंतर मी एक साधी वही ठेवायला लागलो. कुणाला काय शब्द दिला, कुठल्या किलोमीटरला, कोणत्या तारखेला, आणि खाली त्या माणसाची सही किंवा अंगठा. पुढच्या बैठकीत ती वही मोठ्यानं वाचायची. जे झालं नाही तेही वाचायचं. सुरुवातीला साहेब लोक चिडले, "आपणच आपल्या विरुद्ध पुरावा तयार करतोस." मी म्हणालो, पुरावा आजींच्या रानात आधीच तयार आहे. बैठका रात्री, दूध घालून झाल्यावर. बायांची बैठक वेगळी, कारण मिसळून बसवलं की त्या बोलत नाहीत आणि पाण्याची खरी वाट त्यांनाच माहीत असते. आणि मोजणीच्या आधी पाटकरी आणि मेंढपाळ यांच्याबरोबर आखणी पायी चालायची. जमिनीखालची पाइपलाइन कुठल्याही गट नकाशावर नसते, ती ज्यानं टाकली त्याच्या डोक्यात असते.

हे सगळं मी नोकरीत शिकलो असं मला फार दिवस वाटायचं. मग लक्षात आलं, हे तर आपल्याच गावात आपण लहान असताना चाललं होतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली जामखेडला आले. आपल्यापैकी निम्म्या लोकांना लहानपणी त्यांच्या दवाखान्यात नेलं असेल, पण त्यांनी काम कसं सुरू केलं हे आपण कधी विचारलं नाही. ते औषधं घेऊन गावात शिरले नाहीत. संध्याकाळी गावकऱ्यांबरोबर व्हॉलीबॉल खेळले, म्हणजे जातीपातीची माणसं एका मैदानात आली, आणि त्यातून शेतकरी मंडळं उभी राहिली. लोकांनी पहिली गरज सांगितली ती दवाखान्याची नव्हती, पाण्याची आणि अन्नाची होती. ते दुष्काळाचे दिवस होते. कूपनलिका घ्यायच्या तेव्हा त्या दलित वस्तीत घेतल्या. मग सवर्णांना पाण्यासाठी तिथं जावं लागलं. गावाच्या आरोग्य सेविका गावानंच निवडल्या, त्यातल्या बऱ्याच निरक्षर होत्या. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला सांगा, एक हातपंप म्हणजे केवढासा प्रकल्प! पण तो कुठं बसतो यावर गावाची रचना हलते. चौपदरी रस्त्याचंही तेच आहे, आकडे तेवढे मोठे.

आणखी एक आपल्या जिल्ह्याचीच गोष्ट. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट. मुळशीचं धरण होताना १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला, त्यात बापट पुढे होते, 'सेनापती' हे नाव त्यांना तिथूनच लागलं. लढा काही वर्षं चालला, धरण झालं, गावं गेली. त्या जमिनी कुणाच्या होत्या आणि वीज कुठं गेली हे प्रश्न शंभर वर्षांनंतरही जुने झालेले नाहीत.

मध्ये काहीच बदललं नाही असं मात्र म्हणणार नाही. समृद्धी महामार्गाचं घ्या. ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे, आपल्या जिल्ह्यात कोपरगावकडून जातो. सुरुवातीला जमीन एकत्रीकरणाची योजना होती, म्हणजे जमीन द्या आणि बदल्यात विकसित भूखंड घ्या. शेतकऱ्यांनी ती मान्य केली नाही. नंतर थेट खरेदी झाली, २०१३ च्या कायद्याच्या मोबदल्यावर आणखी २५ टक्के देऊन, आणि गावोगावी बोलायला संवादक नेमले गेले. माझ्या मते दरापेक्षाही रोख आणि लवकर मिळणं याला लोकांनी जास्त महत्त्व दिलं. ज्यांनी १९९५ च्या सुमारास मंजूर झालेली नगर-बीड-परळी रेल्वे शेजारच्या आष्टीपर्यंत २०२२ साली येताना पाहिली, त्यांना हे समजावून सांगायला नको.

पण पैसा मिळाला की प्रश्न संपला असं नसतं. कुळाचं काय, 'इतर हक्क' रकान्यात नाव असलेल्या बहिणीचं काय, दुसऱ्याच्या रानात सालगडी असलेल्याचं काय? उताऱ्यावर नाव नाही म्हणून तो प्रकल्पाला दिसत नाही. मी अशा माणसांची वेगळी यादी करायचा प्रयत्न केला. अर्धीच जमली, हे कबूल करतो.

आता थोडं कामाचं. सुरत-चेन्नई महामार्गामुळे जिल्ह्यात मोबदल्यावरून बऱ्याच हरकती झाल्या, तेव्हा हे तुमच्या घरातही येऊ शकतं. राष्ट्रीय महामार्गाच्या कायद्यात ३ए ची अधिसूचना निघाली की तिचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत येतो, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं असतं. त्यानंतर हरकत घ्यायला २१ दिवस असतात. ती संधी बहुतेक जण घालवतात, कारण बातमी वाचायची राहते आणि तलाठ्यानं सांगितलं नाही अशी तक्रार उरते. संयुक्त मोजणीच्या दिवशी घरातलं कुणीतरी हजर राहा. विहीर, पाइपलाइन, फळझाडं, गोठा सगळं लिहून घेतलंय का ते पाहा, आणि पंचनाम्याची प्रत मागा. रक्कम कमी वाटली तर लवादाकडे जाता येतं. आणि कुणी साहेबानं "करून देऊ" म्हटलं तर त्याला कागद पुढे करा, मग तो साहेब तुमच्या वर्गातला असला तरी.

आमच्या भूगोलाच्या सरांनी आठवीत आम्हाला विंचरणा नदीच्या काठी नेऊन हातानं नकाशा काढायला लावला होता. माझा नकाशा पाहून ते म्हणाले होते, "नदी छान काढलीस, पण पलीकडं राहणारी माणसं कुठायत?" सर, आज तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगतो, ती माणसं नकाशावर यायला मला बरीच वर्षं लागली.

जेवणानंतर मी मागच्या व्हरांड्यात बसणार आहे. ज्यांच्याकडे नोटीस आली आहे त्यांनी ती आणि ताजा सातबारा घेऊन या. वही आणली आहे.