गणिताचे गुण आणि आपण आया
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज चार शब्द बोलण्यास मला सांगितले, तेव्हा विषय मी मागून घेतला. वर्षातून दोनदा घराघरांत ज्यावरून रडारड होते, तो हा विषय : मुलांचे गणित आणि त्यांचे प्रगतिपुस्तक. मी सातवीपर्यंत शिकलेली. गणित शिकवण्याचा अधिकार माझा नव्हे. पण मुलाचे कोठे अडते एवढे पाहण्यास फार शिक्षण लागत नाही, हेच मला सांगावयाचे आहे.

शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यास धरून आपल्या राज्याने २० ऑगस्ट २०१० रोजी निर्णय काढून पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले. नाव लांब, पण गोष्ट साधी. वर्ग चालू असता गुरुजी मुलाकडे लक्ष ठेवतात, तोंडी विचारतात, कृती करवून घेतात, स्वाध्याय व छोटी चाचणी देतात. ते आकारिक मूल्यमापन. सत्र संपल्यावर जी परीक्षा होते, ते संकलित. त्या निर्णयाने पहिली-दुसरीत शंभरांपैकी ७० गुण आकारिकास व ३० संकलितास दिले. तिसरी-चौथीत ६० व ४०, पाचवी-सहावीत निम्मे निम्मे आणि सातवी-आठवीत ४० व ६०. म्हणजे मूल जितके लहान, तितकी रोजच्या पाहण्याची किंमत मोठी.

आपण हळदीच्या मुलखातल्या बाया. कढईत हळद शिजत असता हळकुंडात काडी टोचून पाहतात. कच्ची असली तर जाळ चालू ठेवतात, शिजली की लगेच उतरवतात. तीच हळद वाळून मोंढ्यात गेली की व्यापारी भाव सांगतो. भाव खरा असतो, पण त्या वेळी कच्चे हळकुंड पुन्हा शिजवता येत नाही. आकारिक म्हणजे काडी, संकलित म्हणजे भाव. दोन्ही हवीत, पण आपण आया भावावरूनच मुलाला मारतो आणि काडीची चौकशी कधी करीत नाही.

आता गणिताचेच पाहा. ५२ मधून २७ वजा करावयाचे. एका मुलाने ३५ लिहिले, दुसऱ्याने २४. दोन्ही उत्तरे चूक, परीक्षेत दोघांना शून्य. पण पहिल्याने ७ मधून २ काढले, कारण लहान अंक मोठ्यातून जातो एवढेच त्याला ठाऊक. दशक सुटा करणे त्याला समजलेलेच नाही. दुसऱ्याने दशक बरोबर सुटा केला, फक्त १२ मधून ७ काढताना मोजणीत एक चुकला. पहिल्याला दहा-दहा काड्यांच्या जुड्या सोडून दाखवाव्या लागतील, दुसऱ्याला थोडा सराव पुरे. प्रगतिपुस्तकावर दोघांना ‘क-१’ असेल, तर त्यातून आईला हे कसे कळावे? ते वहीतच कळते.

अपूर्णांकांचेही तसेच. १/२ आणि १/३ मिळून मुलाने २/५ लिहिले, तर त्याला रागावू नका. अर्धी भाकरी पुढे ठेवा, तिच्याशेजारी दुसऱ्या भाकरीचा तिसरा हिस्सा ठेवा आणि विचारा, हे सारे मिळून अर्ध्याहून जास्त की कमी? २/५ तर अर्ध्याहूनही कमी आहे. चूक त्याची त्यालाच दिसेल. खरे उत्तर ५/६ कसे येते, ते गुरुजी शिकवतील.

भगिनींनो, हे आजच का बोलते? २०२३-२४ पासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली आहे. नापास झाल्यास पुनर्परीक्षा मिळते. तीतही न जमल्यास मूल त्याच वर्गात राहते. मुलगा राहिला तर आपण म्हणतो, पुढल्या वर्षी होईल. मुलगी राहिली की म्हणतो, गणित हिच्या डोक्यातच नाही, आता घरी बसू दे, आणि मग स्थळे पाहू लागतो. एका वजाबाकीपायी मुलीचे शिक्षण सुटते. कायदा सांगतो की आठवी पुरी होईतो मुलाला शाळेतून काढता येत नाही. शाळेने जे करावयाचे नाही, ते आपण तरी का करावे?

म्हणून विनंती. आठवड्यातून एकदा गणिताची वही उघडा. अक्षर वाचता येत नसले तरी चालेल; मुलीला म्हणा, हे कसे केलेस ते मला सांग. जेथे ती अडखळेल, ते पान दुमडा. पालकसभेला गेलात तर “किती गुण पडले” एवढेच विचारून परतू नका, दुमडलेले पान दाखवा आणि विचारा, “गुरुजी, हिचे कोठे अडते, आणि त्यावर तुम्ही काय करणार?” आकारिक नोंदी परीक्षा जवळ आल्यावर एकदम भरून काढण्यासाठी नाहीत. आई विचारते आहे असे दिसले, म्हणजे त्या वेळच्या वेळी होतील.

आपल्या मंडळात बेरजा-वजाबाक्या करून भिशीचा हिशेब चोख ठेवणाऱ्या कितीतरी जणी आहेत. त्यांनी शनिवारी तासभर गल्लीतल्या मुली जवळ घेऊन बसावे, एवढा ठराव आज झाला तर वर्धापनदिन सार्थकी लागला असे मी समजेन.