संगणकाला जागं कोण करतं?

गटाचं दप्तर संगणकावर कसं लिहायचं, हे आता आपल्यापैकी बऱ्याच जणींना जमायला लागलंय. आज त्याच्या आधीची गोष्ट बोलू. बटण दाबल्यापासून पडद्यावर चित्र येईपर्यंत संगणकाच्या पोटात काय चालतं? आणि ते काम करणाऱ्या प्रोग्रामची चावी कोणाच्या हातात असते?

ही चौकशी करायला कारण घडलं. आमच्या गटांना एका कार्यालयाकडून तीन वापरलेले संगणक मिळाले. दोन चालू झाले. तिसरा मात्र बटण दाबताच पासवर्ड मागायचा. ज्यांनी तो टाकला ते साहेब केव्हाच बदलून गेलेले. हार्ड डिस्क बदलली, तरी तेच. यंत्र धडधाकट, पण आपलं असून आपलं नाही.

याचं कारण असं की तो पासवर्ड हार्ड डिस्कवर नव्हताच. संगणकात एक मोठी पाटी असते, तिला मदरबोर्ड म्हणतात. त्या पाटीवर नखाएवढी एक चिप असते, आणि तिच्यात एक छोटा प्रोग्राम कायमचा बसवलेला असतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. दुकानदार त्यालाच बायोस म्हणतात. सकाळी घरात जी बाई सगळ्यांच्या आधी उठते, चूल पेटवते, मग एकेकाला उठवते, तसं याचं काम. मेमरी, पडदा, कीबोर्ड, डिस्क यांना तो जागं करतो आणि मग विंडोज किंवा लिनक्सच्या हाती घर सोपवतो.

बहुतेक संगणकांत हा प्रोग्राम कंपनीचा असतो आणि तो कसा लिहिलाय हे बाहेरच्याला दिसत नाही. त्यात खोट निघाली तर कंपनीनंच दुरुस्त करायची. यंत्र जुनं झालं की कंपनी त्याच्याकडे बघेनाशी होते. मग खोट तशीच राहते.

हे आपल्याच नाही, मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्याही वाट्याला आलं. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात लॉस अलामॉस नावाची सरकारी प्रयोगशाळा आहे. तिथं शेकडो संगणक एकमेकांना जोडून एकच मोठं काम करून घेत असत. पण प्रत्येकातला बायोस असा बनवलेला, की जणू समोर माणूस बसलाय. काही बदलायचं तर त्या यंत्राला पडदा आणि कीबोर्ड लावून बसा. शेकडो यंत्रांना असं कोण करत बसणार? म्हणून १९९९ साली तिथल्या रॉन मिनिच यांनी स्वतःचं फर्मवेअर लिहायचं काम सुरू केलं. त्याचं नाव लिनक्सबायोस. २००८ साली ते नाव बदलून कोअरबूट झालं. ते आजही चालू आहे.

कोअरबूट खुलं आहे. म्हणजे त्याचा प्रत्येक शब्द कोणीही वाचावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. अट एकच: बदललेलं दुसऱ्याला दिलंत, तर त्याचा लिहिलेला मजकूरही द्यायचा, झाकून ठेवायचा नाही. आणि कोणीही काही सुचवलं, तरी दुसऱ्या जाणकारानं तपासल्याशिवाय ते आत जात नाही. आपल्या खात्यातून पैसे काढताना एकीच्या सहीवर भागत नाही, तसंच हे.

हे लिहिणं सोपं नाही बरं का. संगणक चालू होतो तेव्हा त्याची मेमरीही तयार नसते. म्हणजे भांडी ठेवायला ओटाच नाही, आणि स्वयंपाक तर करायचाय. सुरुवातीच्या काळात या मंडळींनी प्रोसेसरच्या ओंजळीत मावेल तेवढ्यावरच काम भागवलं. पुढं प्रोसेसरच्या आत कॅश नावाची थोडी जागा असते, ती पदरासारखी पसरून वापरायची युक्ती निघाली. तेवढ्या जागेत उभं राहून मेमरी तयार करायची आणि मग पुढचं काम.

आज गूगलच्या बहुतेक क्रोमबुकमध्ये कोअरबूट असतं. पण म्हणून सगळं खुलं झालं असं नाही. नव्या इंटेल प्रोसेसरना मेमरी जागी करायला कंपनीचा बंद तुकडा बहुधा लागतोच. शिवाय कोअरबूट प्रत्येक यंत्रावर चालत नाही. ज्या मदरबोर्डसाठी ते लिहिलंय त्यावरच चालतं. चिपवर चुकीचं काही लिहिलं गेलं, तर संगणक चालूच होत नाही. म्हणून जाणकार आधी चिपला चिमटा लावून जुना मजकूर दोनदा उतरवून घेतात, दोन्ही प्रती जुळवतात, मगच नवा लिहितात. गटाच्या एकुलत्या एका संगणकावर असले प्रयोग कोणालाही करू देऊ नका.

कोणी म्हणेल, आम्हाला कुठं ते वाचता येणार? खरंय. पण बैठकीत दप्तर मोठ्यानं वाचतात ते कशासाठी? प्रत्येकीला लिहिता-वाचता येतं असं नाही. तरी दप्तर उघडं असतं, हवं तेव्हा कोणालाही दाखवता येतं, म्हणून विश्वास राहतो. खुल्या प्रोग्रामचंही तसंच.

आमच्या तिसऱ्या संगणकाचं म्हणाल, तर त्या कार्यालयाकडून संगणक दिल्याचं पत्र घेतलं. ते पाहिल्यावर तालुक्याच्या दुरुस्तीवाल्यानं पासवर्ड काढून दिला. यात महिना गेला. तो वेळ तुमचा जाऊ नये म्हणून चार गोष्टी सांगतो.

वापरलेला संगणक घेताना देणाऱ्यासमोर चालू करून बघा. पासवर्ड मागितला तर तिथंच काढून घ्या, आणि पावती किंवा पत्र घ्या.

संगणकाची तारीख रोज मागे जात असेल, तर घाबरू नका. डेस्कटॉपमध्ये घड्याळासाठी नाण्याएवढा सेल असतो. बहुतेक ठिकाणी तो सीआर २०३२ असतो. तो संपला की तारीख चुकते, दप्तरात नोंदी चुकीच्या दिवशी पडतात, बँकेची साइटही उघडत नाही. सेल स्वस्त असतो, बदलून घ्या.

बायोस अपडेट करायची वेळ आलीच, तर लाइट जायच्या वेळेत करू नका. मध्येच वीज गेली तर यंत्र बंद पडू शकतं. लॅपटॉप असेल तर पूर्ण चार्ज करून, चार्जर लावून ठेवा.

आणि दप्तराची एक प्रत पेनड्राइव्हवर व एक कागदावर असू द्या.

येत्या बैठकीत एवढंच करा: आपल्या संगणकाचा पासवर्ड कोणाकोणाला ठाऊक आहे, ते विचारा. एकीलाच ठाऊक असेल, तर तो लिहून बंद पाकिटात घालून पेटीत ठेवा.