चाळणीवरचे झाकण

पॅसिफिक महासागरातल्या मार्शल बेटांत एनेवेटक नावाचे कंकणद्वीप आहे. 1948 ते 1958 या काळात अमेरिकेने तिथे 43 अण्वस्त्रचाचण्या केल्या. त्यांतल्या ‘कॅक्टस’ चाचणीने रूनिट या बेटाच्या टोकाला मोठा खड्डा पाडला. पुढे 1977 ते 1980 मध्ये आसपासच्या बेटांवरची किरणोत्सारी माती आणि मोडतोड त्याच खड्ड्यात भरली, 70,000 घनमीटरांहून अधिक, आणि वर काँक्रीटचा दीड फूट जाडीचा घुमट बांधला. समुद्राची पातळी वाढते आहे असा विषय निघाला की या घुमटाचे छायाचित्र छापून येते, त्यावरच्या भेगांवर बाण काढलेले असतात, आणि लाटा त्याच्यावरून कधी जातील याची चर्चा रंगते. अहो, झाकणाकडे काय बघता, बूड बघा! त्या खड्ड्याला तळच घातलेला नाही. घालण्याचा विचार झाला होता, खर्च फार म्हणून सोडून दिला. खाली आहे सच्छिद्र प्रवाळ. चाळणीत पीठ भरावे, वर घट्ट झाकण बसवावे आणि ती चाळण पाण्याच्या परातीत ठेवावी, तसला हा प्रकार. झाकण कितीही भक्कम असो, पीठ खालून भिजणारच. आणि परातीतले पाणी बोटभर चढले की भिजलेला थरही बोटभर चढणार. रूनिटला भरतीबरोबर घुमटाखालचे भूजल चढते, ओहोटीबरोबर उतरते. म्हणजे समुद्राला घुमट ओलांडण्याची गरजच नाही. तो केव्हाच आत आलेला आहे.

यावर अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचे उत्तर 2020 च्या अहवालात आहे. घुमट लगेच कोसळण्याचा धोका नाही, आणि कंकणाच्या आतल्या समुद्राच्या गाळात घुमटातल्यापेक्षा कितीतरी जास्त किरणोत्सार आधीच पडलेला आहे. तेव्हा थोडे झिरपले तर फरक पडणार नाही. दुसरा मुद्दा मोजमापांवर उभा आहे, तो मान्य करायला हवा. पण त्याचा अर्थ काय होतो? परातीतले पाणी आधीच गढूळ आहे, म्हणून चाळणीची काळजी नको! घाण बाहेर जास्त असेल तर बाहेरही लक्ष घाला. आतली विसरून जाण्याला ते कारण होत नाही. 1947 मध्ये हलवलेले एनेवेटकवासी 1980 मध्ये परतले, त्यांची मासेमारी याच पाण्यात चालते. राहिला ‘लगेच’ हा शब्द. अहवालाची नजर पुढच्या वीस वर्षांपर्यंत जाते, आणि आत पुरलेल्या प्लुटोनियमचे अर्धायुष्य आहे 24,100 वर्षे.

पुन्हा सांगतो, कारण भेगांच्या चित्रांपुढे हे निसटते: बूड बघा. घुमटाखालचे भूजल तपासत राहण्याचे काम 2012 च्या अमेरिकी कायद्याने ऊर्जा विभागाकडेच दिले आहे. ज्याने झाकण बसवले त्याच सरकारने पाणीही तपासायचे, हे काही बरोबर नाही. मार्शल बेटांनी नेमलेले तज्ज्ञ तिथे हवेत. त्यांचा खर्च कोणी करायचा? भरपाईचा विषय 1986 च्या करारात मिटला असे अमेरिका म्हणते, मार्शल बेटांना ते मान्य नाही, आणि त्या कराराबद्दल बोलायला आज वेळ उरलेला नाही.