परसातील कोंबडी आणि जातीची निवड

माण, खटाव, जत, आटपाडी या अवर्षणप्रवण तालुक्यांत परसातील चार कोंबड्या हा गृहिणीच्या हातचा रोख पैसा होय. मात्र २०१९ साली सांगली जिल्ह्यात कडकनाथ पालनाच्या एका योजनेत भरघोस परताव्याच्या आशेने गुंतविलेले अनेक शेतकऱ्यांचे पैसे अडकले. दोष त्या काळ्या कोंबडीचा नव्हता. झाबुआची ही जात वर्षाला शंभराच्या आसपासच अंडी देते, हे हिशेबात धरले गेले नाही.

नवशिक्याने गिरिराज अथवा वनराज निवडावी. या जाती काटक असून गावठीहून अधिक अंडी देतात. परंतु त्या सहसा खुडूक बसत नाहीत. म्हणून पिलांसाठी एखादी गावठी कोंबडी राखावी. तिच्या उबेने २१ दिवसांत पिले निघतात.

एक अंडे तयार होण्यास सुमारे २५ तास लागतात. त्यासाठी पुरेसा प्रकाश, स्वच्छ पाणी व कवचाकरिता शिंपल्यांचा चुरा आवश्यक असतो. मानमोडीची लस वेळेवर द्यावी, अन्यथा एका साथीत खुराडे रिकामे होते. परताव्याच्या जाहिरातीपेक्षा खुराड्यातील रोजच्या अंड्यांचा हिशेब अधिक विश्वासार्ह ठरतो.