बाजाराच्या दिवसाची गोळी

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



खाटा, शस्त्रक्रिया आणि जमाखर्च यांचे आकडे आपल्या हातातील अहवालात आहेत. ते मी पुन्हा वाचून दाखवणार नाही. आज मला एका लहानशा गोळीविषयी बोलायचे आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. औषधांविषयी बोलण्याचा माझा अधिकार नाही, आणि पुढे जे वैद्यकीय सांगेन ते आपल्या डॉक्टरांकडून समजून घेतलेले आहे. परंतु रुग्णांचे नातेवाईक बिलाच्या निमित्ताने माझ्या खोलीत येतात आणि डॉक्टरांसमोर जे विचारण्याचे धैर्य झाले नाही ते तिथे विचारतात.

असेच एक गृहस्थ गेल्या पावसाळ्यात आले. बिलाचा कागद हातात होता, पण नजर त्यावर नव्हती. दार लोटून घेऊन ते म्हणाले, ''साहेब, खरं सांगा. मेडिकलवाला म्हणाला, हे कॅन्सरचं औषध आहे. माझ्या घरातलीला कॅन्सर आहे का? डॉक्टर लपवतायत का?'' त्यांच्या पत्नीला कर्करोग नव्हता. आमवात होता, ज्याला डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. सकाळी उठल्यावर तास दोन तास बोटे वळत नसत, पीठ मळता येत नसे, भाकरी थापणे तर दूरच. डॉक्टरांनी मेथोट्रेक्झेट लिहून दिले होते, आणि ती पुडी तीन आठवडे देवघराच्या फळीवर न उघडता पडून होती.

आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती रोगजंतूंऐवजी स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. वेदनाशामक गोळीने ठणका थांबतो, हल्ला थांबत नाही. हाडांची झीज पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू होते आणि एकदा वाकडी झालेली बोटे औषधाने सरळ होत नाहीत. म्हणून ही उलटलेली शक्ती आवरणारे औषध लवकर सुरू करावे लागते. फळीवर पडून राहिलेले ते तीन आठवडे म्हणूनच महाग होते.

मेडिकलवाला खोटे बोलला नव्हता, हे मान्य केले पाहिजे. हे औषध कर्करोगावरही वापरले जाते. मात्र तेथील मात्रा कित्येक पट मोठी असते. आमवातासाठी ते आठवड्यातून केवळ एकदा, अल्प प्रमाणात देतात. अमेरिकेत या उपयोगाला १९८८ साली अधिकृत मान्यता मिळाली. औषधाची घडण फॉलिक अ‍ॅसिड या जीवनसत्त्वासारखी आहे. त्याची जागा बळकावून ते पेशींची बेसुमार वाढ रोखते. या जातीची औषधे अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत ज्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाली ते डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातील भीमवरमचे. १९४८ साली ते निवर्तले.

याच्याबरोबर इतर दिवशी फॉलिक अ‍ॅसिडची गोळी देतात, म्हणजे तोंड येणे, मळमळणे असे त्रास कमी होतात. त्या दुसऱ्या गोळीचे मूळ तर आपल्या मुंबईत आहे. १९२८ साली तेथे आलेल्या डॉ. लुसी विल्स या इंग्रज विदुषी हाफकिन संस्थेत काम करत होत्या. गिरणीत राबणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणात होणारा रक्तक्षय त्या अभ्यासत होत्या. यीस्टच्या स्वस्त अर्काने तो बरा होतो असे त्यांनी दाखवले. त्यातील गुणकारी घटक पुढे फॉलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखला गेला. हे सारे मी त्या गृहस्थांना सांगितले नाही. एवढेच सांगितले, की कर्करोग नाही, आणि डॉक्टर काही लपवत नाहीत. मग त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे घेऊन गेलो.

आता एक अप्रिय गोष्ट. अहवालात अशा गोष्टी सहसा छापत नाहीत. पण देणगीदारांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने त्या झाकू नयेत, असे माझे मत आहे.

काही वर्षांपूर्वी एका बाईंना हेच औषध सुरू झाले. केसपेपरवर 'आठवड्यातून एकदा' असे इंग्रजीत लिहिले होते. बाईंना इंग्रजी येत नव्हते. आपल्याच औषधांच्या खिडकीवरील माणसाने, शंभर पाकिटे देताना जडलेल्या सवयीने, ''रोज एक'' असे सांगितले. नवव्या दिवशी त्यांना ताप आणि तोंडभर जखमा अशा स्थितीत आणले. दहाच्या पाकिटात एक गोळी उरली होती. रक्तातील पांढऱ्या पेशी धोक्याच्या पातळीपर्यंत उतरल्या होत्या. उतारा म्हणून फोलिनिक अ‍ॅसिडची इंजेक्शने दिली गेली आणि सतरा दिवसांनी त्या चालत घरी गेल्या. बिल आकारण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या मुलाने मला एकच विचारले, ''आम्ही तुमच्या सांगण्याप्रमाणेच दिली ना गोळी?'' त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

ही चूक केवळ आपल्याकडे होते असे नाही. साप्ताहिक औषध रोज घेतले जाणे हा या गोळीचा जगभर ज्ञात असलेला धोका आहे. म्हणून त्याचे ओझे हलके होत नाही. त्यानंतर आपण ही गोळी पूर्ण पाकिटाने देणे बंद केले. चार आठवड्यांच्या चार पुड्या, प्रत्येकीवर मराठीत वार आणि तारीख. वार कोणता, हे ठरवण्याची युक्ती आपल्या एका ज्येष्ठ परिचारिकेची. त्या रुग्णाला विचारतात, ''तुमच्या गावचा बाजार कधी असतो?'' वार विसरला जातो, बाजार विसरला जात नाही. उपवासाचा वार असेल तर मात्र दुसरा निवडतात. रिकाम्या पोटी मळमळ अधिक होते.

औषध सुरू करण्यापूर्वी छातीचा एक्स-रे, काविळीच्या विषाणूंची तपासणी, रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या चाचण्या होतात. पहिले तीन महिने दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त तपासावे लागते, पुढे दर दोन-तीन महिन्यांनी. मद्य वर्ज्य. गर्भारपणात हे औषध चालत नाही, म्हणून मूल हवे असलेल्या स्त्रीने आधीच डॉक्टरांशी बोलायचे. ताप आला, तोंडात जखमा झाल्या, दम लागू लागला तर पुढची गोळी न घेता थेट यायचे. दुसरा डॉक्टर कोणतेही प्रतिजैविक देत असेल तर या गोळीची पुडी त्याला दाखवायची. काही प्रतिजैविकांशी तिचे मुळीच जमत नाही.

हिशेब तपासणाऱ्याच्या नजरेला येथे एक विसंगती दिसते. गोळी स्वस्त आहे. महिन्याच्या चार गोळ्या चहा-वड्याच्या खर्चात बसतात. महाग आहे ती तपासणी, एस.टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरी. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, आणि नेमका त्याच काळात रक्त तपासण्याचा खर्च सर्वाधिक. रुग्ण गोळी चालू ठेवतात आणि तपासणी सोडतात. याहून वाईट बचत मी पाहिलेली नाही. देणगीदार यंत्र देतात, खोली बांधून देतात. त्यावर नावाची पाटी लागते, आणि त्यात गैर काही नाही. रक्ताच्या नळीवर मात्र पाटी लावता येत नाही.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे माझा प्रस्ताव आहे: या औषधाच्या पहिल्या सहा महिन्यांतील सर्व रक्ततपासण्या गरजू रुग्णांना विनामूल्य कराव्यात, आणि तपासणीच्या दिवशीचे येण्याजाण्याचे भाडे खिडकीवरच द्यावे. त्यासाठी स्वतंत्र निधी आणि स्वतंत्र खातेवही असावी. कोषाध्यक्षांशी प्राथमिक चर्चा झाली आहे. त्यांच्या शंका रास्त आहेत आणि त्यांना मी लेखी उत्तर देणार आहे.

त्या गृहस्थांच्या पत्नी गेल्या महिन्यात तपासणीला आल्या होत्या. बोटांची सूज पूर्ण गेलेली नाही, डावे मनगट अजून धरते. त्यांच्या गावचा बाजार गुरुवारी, पण गुरुवार दत्ताचा उपवास; म्हणून त्यांची पुडी शुक्रवारची आहे.