सार्वजनिक पैशाचा हिशेब
(बसवनगुडी, बेंगळूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या वस्तीत आपण आज जमलो आहोत, तेथील एका प्रमुख रस्त्याला डी. व्ही. गुंडप्पा यांचे नाव आहे. आणि गुंडप्पांनी १९४५ साली जी संस्था उभारली तिला त्यांनी आपले नाव न देता एका मराठी माणसाचे दिले. बुल टेंपल रस्त्यावरील ‘गोखले इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक अफेअर्स’ ही ती संस्था होय. त्याच वर्षी, याच बसवनगुडीत, बी. पी. वाडिया यांनी ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ वर्ल्ड कल्चर’ स्थापन केली. या दोन्ही संस्थांना आता ऐंशी वर्षे उलटून गेली आहेत. ग्रंथालय चालविणे, व्याख्याने घडवून आणणे, लोकांना चार चांगल्या गोष्टींचा विचार करावयास लावणे, ही कामे अशी आहेत की त्यांतून पैसा निघत नाही, उलट ती पैसा खातात. तेव्हा असा पैसा कोठून यावा, कसा ठेवावा आणि त्याचा जाब कोणी कोणाला द्यावा, हा विषय बोलावयास याहून योग्य जागा मला सुचत नाही.

अशा विषयावरील पुस्तकांचे मराठीकरण करताना पहिली अडचण येते ती शब्दांची. ‘नॉन-प्रॉफिट’ या शब्दासाठी आपण ‘ना-नफा’ असे म्हणतो. वह्यांच्या स्वस्त विक्रीच्या फलकावर ‘ना नफा ना तोटा’ असे लिहिलेले असते, त्याची छाया या शब्दावर पडते आणि कार्यकर्त्यांचा असा समज होतो की वर्षअखेर संस्थेच्या हाती काही उरले तर ते पापच. वास्तविक कायद्याने मनाई केली आहे ती उरण्याला नव्हे, उरलेले वाटून घेण्याला. खर्चाहून जमा अधिक झाली तर तिला हिशेबात ‘वाढावा’ म्हणावे, ‘नफा’ म्हणू नये, एवढाच भेद आहे. परंतु हा भेद न कळल्यामुळे मार्च महिन्यात घाईघाईने खुर्च्या आणि पंखे खरेदी करणाऱ्या आणि जूनमध्ये शिपायाचा पगार थकविणाऱ्या संस्था सर्वत्र आढळतात.

वाढावा शिल्लक पडला म्हणजे कारभार चांगला झाला, असेही मात्र नाही. ही गोष्ट ज्यांनी या देशात सर्वांत परखडपणे सांगितली ते गोपाळ कृष्ण गोखलेच होत. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यास वरिष्ठ कायदेमंडळात त्यांनी पहिले अर्थसंकल्पीय भाषण केले. सरकारच्या तिजोरीत सतत शिल्लक पडत होती आणि अधिकारी तिला भरभराटीचे लक्षण मानीत होते. गोखल्यांनी आकड्यांनिशी दाखविले की प्रजा दुष्काळाने गांजलेली असताना ही शिल्लक सुबत्तेतून आलेली नाही. गरजेपेक्षा अधिक कर घेतल्याने ती आली आहे. पुढील वर्षी मिठावरील कर कमी झाला. सरकारच्या शिल्लकीला त्यांनी लावलेली ही कसोटी मला आपल्या लहान संस्थांनाही लावाविशी वाटते. एखाद्या वसतिगृहाच्या ताळेबंदात लाखोंच्या ठेवी आहेत आणि मुलांच्या ताटात मात्र आठवड्यातून एकदाच भाजी, अशी स्थिती असेल तर तेथील चिटणिसाच्या काटकसरीचे कौतुक कशासाठी करावयाचे?

प्राप्तिकराच्या कायद्यामागेही साधारण हाच विचार आहे. नोंदणी झालेल्या धर्मादाय संस्थेने त्या वर्षाच्या उत्पन्नातील पंच्याऐंशी टक्के रक्कम आपल्या उद्दिष्टांवर खर्च करावी, पंधरा टक्के राखून ठेवली तरी चालेल, असा हा दंडक १९६१ च्या कायद्यात रूढ झाला आणि २०२५ च्या नव्या कायद्यातही तो कायम राहिला आहे. याहून अधिक राखावयाचे असेल तर ते कशासाठी, हे ठराव करून मुदतीत कळवावे लागते. तेव्हा ‘आमचे पैसे, आम्ही साठवू’ ही भाषा येथे चालत नाही.

महात्मा गांधींचे मत याबाबतीत आणखी पुढचे होते. नाताळ इंडियन काँग्रेसची स्थापना १८९४ साली झाली, तेव्हापासून त्यांनी प्रत्येक वर्गणीची पावती देण्याचा आणि पै-पैचा हिशेब ठेवण्याचा आग्रह धरला. टोंगाट गावी एका सधन गृहस्थाने सहा पौंडांऐवजी तीनच देऊ केले, तेव्हा गांधी आणि त्यांचे सोबती भुकेले असूनही त्याच्या घरी न जेवता रात्रभर बसून राहिले आणि पहाटे सहा पौंड घेऊनच उठले, ही हकीकत त्यांनी आत्मकथेत दिली आहे. कर्ज काढून सार्वजनिक काम करू नये, हा धडा ते तेथेच शिकले. परंतु पुढे अनुभवाअंती ते असेही म्हणू लागले की संस्थेने कायम निधीच्या व्याजावर जगू नये. कायम निधी असला की संस्था लोकमताची पर्वा करीनाशी होते. जिला लोक वर्षानुवर्षे आपखुशीने वर्गणी देत नाहीत तिने चालू राहावे तरी का? इमारतीसारख्या कायमच्या गरजा त्यांनी यातून वगळल्या होत्या; त्यांचा कटाक्ष चालू खर्चावर होता.

हे मत मोठे तेजस्वी आहे, पण ते मला सर्वस्वी पटत नाही. आंदोलनाला ते लागू पडते. ग्रंथालयाला पडत नाही. वाचक एखाद्या वर्षी रुसले म्हणून वाळवी थांबत नाही. गुंडप्पांनीही आपल्या संस्थेकडे याच दृष्टीने पाहिले असावे. १९७० साली बेंगळूरच्या रवींद्र कलाक्षेत्रात त्यांचा सत्कार होऊन जी थैली अर्पण करण्यात आली, ती सगळीच्या सगळी त्यांनी गोखले संस्थेला देऊन टाकली. केलेल्या कामाच्या मोबदल्यादाखल आलेले धनादेश त्यांनी वटविलेच नाहीत आणि ते त्यांच्यामागे पेटीत तसेच सापडले, असेही येथे सांगतात. अशा निःस्पृहतेपुढे मान लववावीच. परंतु आपल्यापैकी जे खजिनदार आहेत त्यांना विनंती की या गोष्टीचे अनुकरण करू नका. न वटलेला धनादेश बँकेच्या जुळवणी पत्रकात दर महिन्याला भुतासारखा उभा राहतो, आणि आता तर तीन महिन्यांनंतर त्याची किंमत कागदाइतकीच उरते.

मग निधी असावा तर किती? एक काल्पनिक ग्रंथालय घेऊ. त्याचा वार्षिक खर्च सहा लाख, म्हणजे महिन्याला पन्नास हजार. बँकेत आठ लाख आहेत, म्हणून कार्यकारिणी निश्चिंत आहे. पण त्या आठांपैकी पाच लाख एका दात्याने इमारतीसाठीच दिले आहेत. एक लाख ही सभासदांची पुढील वर्षाची आगाऊ वर्गणी आहे. उरले दोन लाख, म्हणजे अवघे चार महिने. ही वजाबाकी ताळेबंदात दडलेली असते, आणि सभेत ती कोणी विचारीत नाही, कारण ताळेबंद वाचावयाचा नसून मंजूर करावयाचा असतो अशी आपली समजूत आहे! सहा महिन्यांचा खर्च भागेल इतका मोकळा निधी असावा, असे माझे मत आहे. त्याहून फार अधिक असेल तर काम वाढवावे, फार कमी असेल तर नवे काम हाती घेऊ नये.

अटींसह आलेल्या देणगीबद्दल थोडे अधिक सांगावयास हवे. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू केले. त्याला १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली. तीबरोबर विद्यापीठाला दात्याच्या मातोश्रींचे नाव आले आणि इतर काही अटीही आल्या. पुढे १९३६ साली विद्यापीठाचे मुख्य ठाणे पुण्याहून मुंबईस गेले. ती देणगी नसती तर विद्यापीठ टिकले असते की नाही, याची शंकाच आहे. तरी एवढे खरे की मोठी देणगी आपल्या पावलांनी येते आणि घराची रचना बदलून टाकते. ती स्वीकारण्यापूर्वी अटींचा कागद साऱ्या विश्वस्तांनी वाचलेला असावा, आणि दाता व संस्थाचालक दोघेही नसतील तेव्हा या अटींचा अर्थ कोण लावणार, हेही त्यातच लिहिलेले असावे.

आता ज्या गोष्टीने या परिसराला चटका बसला तिच्याकडे वळतो. जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने बसवनगुडीतील श्री गुरु राघवेंद्र सहकार बँकेवर निर्बंध घातले. खातेदाराला काढता येणारी रक्कम पस्तीस हजारांपुरती मर्यादित झाली. तीनच महिन्यांपूर्वी, सप्टेंबर २०१९ मध्ये, मुंबईत पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर असेच निर्बंध आले, तेव्हा प्रारंभी ही मर्यादा एक हजाराची होती. निवृत्तांची आयुष्यभराची पुंजी तर अडकलीच, पण मुंबईत अनेक गृहनिर्माण संस्थांचे दुरुस्ती निधीही अडकले. ठेवीवरील विम्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून एक लाखावरून पाच लाख झाली आहे. परंतु ती एका बँकेतील एका ठेवीदारासाठी, मुद्दल व व्याज धरून आहे. आपल्या संस्थेच्या पाच शाखांत पाच ठेवी असल्या तरी बँक तीच असेल तर संस्था हा एकच ठेवीदार. अर्धा टक्का अधिक व्याजासाठी, किंवा बँकेचे अध्यक्ष आपल्या ओळखीचे म्हणून, सारा निधी एका ठिकाणी ठेवणे हा दुसऱ्याच्या पैशावर खेळलेला जुगार आहे. स्वतःच्या पैशाचे काय करावे हे ज्याचे त्याने पाहावे. ‘विश्वस्त’ या शब्दात ‘विश्वास’ आहे, तो ठेवणारा मनुष्य निराळा असतो, आणि बहुधा तो सभेला हजरही नसतो.

कागदपत्रांविषयी दोनच गोष्टी. महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यान्वये विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयास कळवावे लागते. कर्नाटकात १९६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे दरवर्षी निबंधकाकडे कार्यकारिणीची यादी द्यावी लागते. कंटाळवाणे काम आहे. पण ते राहून गेले की मृत चिटणिसाच्या सहीवाचून बँक पैसे देत नाही, आणि दोन गटांत वाद झाला तर खरी कार्यकारिणी कोणती, हे ठरविण्यात वर्षे जातात.

शेवटी पगारांविषयी. गोखल्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात दरमहा पंचाहत्तर रुपयांवर काम करून वीस वर्षांचे वचन पुरे केले, आणि १९०५ साली स्थापन केलेल्या भारत सेवक समाजातही स्वतःसाठी पैसा न मिळविण्याची शपथ सभासदांना घालून दिली. या आदर्शाचा आपल्याकडे एक विचित्र उपयोग होतो: ज्याने कसलीही शपथ घेतलेली नाही अशा ग्रंथपालाला तो ऐकविला जातो. गोखल्यांचा त्याग स्वखुशीचा होता. शिवाय ते पंचाहत्तर रुपये ठरलेले होते आणि वीस वर्षांनंतर तीस रुपयांचे निवृत्तिवेतनही. कार्यालयीन खर्च कमी दाखविण्याची चढाओढ हल्ली फार आहे. परदेशी देणग्यांबाबत तर २०२० च्या दुरुस्तीने प्रशासनिक खर्चाची मर्यादा निम्म्यावरून वीस टक्क्यांवर आणली. ती पाळावीच लागेल. परंतु हिशेबनिसाचा पगार वाचवून हिशेब नीट राहत नाही, आणि तो वाचविणाऱ्या संस्थेला लेखापरीक्षकापुढे कागद शोधण्यासाठी जो वेळ घालवावा लागतो, त्याची नोंद कोणत्याच खात्यावर पडत नाही.

आपण आणलेले ताळेबंद पाहण्याची मला उत्सुकता आहे. ज्यांच्या संस्थांच्या ठेवींची मुदत या महिन्यात संपत असेल त्यांनी कृपया प्रथम पुढे यावे.