पितळी मूठ आणि उद्यमनगरचे काका

(मंडळाच्या सप्टेंबरमधल्या सभेत केलेल्या भाषणाचा लेखी मसुदा)



कार्यक्रमपत्रिकेवर 'पेंटबॉल' हा शब्द वाचून काही काकू दचकल्या, असं कानावर आलं. तेव्हा आधी त्या खेळाबद्दल थोडंसं.

पेंटबॉलच्या बंदुकीला खेळाडू 'मार्कर' म्हणतात आणि ते नाव अगदी सार्थ आहे. अमेरिकेतल्या नेल्सन कंपनीचं हे पिस्तूल मुळात जंगलातल्या झाडांवर आणि कळपातल्या गुरांवर लांबून रंगाची खूण करण्यासाठी होतं. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावी १२ जणांनी त्यानेच पहिला खेळ खेळला. झाडीत लपतछपत निशाणं गोळा करायची होती. जो जिंकला, त्याने एकही गोळी झाडली नाही! काकूंनी एवढं जरूर लक्षात ठेवावं.

सुरुवातीच्या मार्करांना प्रत्येक गोळीमागे हाताने खटका चढवावा लागे. पुढे त्यासाठी नळीवर मागेपुढे सरकणारी मूठ आली, तिला 'पंप' म्हणतात. आजचे इलेक्ट्रॉनिक मार्कर सेकंदाला दहा गोळ्या सहज टाकतात. तरी काही हौशी मंडळी मुद्दाम पंपच वापरतात, कारण मग नेम धरावा लागतो. मी त्यांतलाच. माझा मार्कर आधुनिक, ॲल्युमिनियमचा. मूठ मात्र काळ्या प्लॅस्टिकची. जुन्या शेरिडन पिस्तुलांच्या पितळी नळ्या पाहून वाटलं, आपल्याही मार्करला पितळी मूठ हवी. बाजारात तशी मिळेना, म्हणून स्वतःच करायची ठरवली.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. कार्बन डायऑक्साइडच्या बाटलीत २० अंशांना दर चौरस इंचाला ८०० पौंडांहून जास्त दाब असतो. गाडीच्या टायरमध्ये साधारण ३५. त्यामुळे ज्या भागात गॅस कोंडला जातो, असा एकही भाग हौसेखातर घरी बनवायचा नाही. मूठ नळीच्या बाहेरून सरकते, तिच्यात गॅस नसतो. म्हणून मूठच निवडली.

दिवसभर कॉम्प्युटरवरच बसणारा माणूस मी; नकाशा एका संध्याकाळी तयार झाला. पितळ ॲल्युमिनियमच्या तिप्पट जड, म्हणून मुठीची भिंत पातळ ठेवली. पकड नीट बसावी आणि जुना बाज यावा, म्हणून वर चौकटीचं नर्लिंग. नकाशा कोल्हापूरला काकांना पाठवला. काका शिवाजी उद्यमनगरात चाळीस वर्षं टर्नर होते. त्यांनी मापांबद्दल अवाक्षर काढलं नाही. फोनवर एवढंच म्हणाले, "बाळ, माप बरोबर हाय. पण आधी काय करणार आणि मागनं काय?"

मंडळी, सगळी गोम त्या प्रश्नात आहे! नर्लिंगची चाकं धातू कापत नाहीत, दाबतात. भोक आधी मोठं केलं, तर पातळ भिंत त्या दाबाने दबते आणि गोल नळी अंड्यासारखी होते. म्हणून भरीव गजावरच आधी नर्लिंग, मग ड्रिल, मग बोअरिंग, आणि तुकडा कापून वेगळा करायचा तो अगदी शेवटी. पितळ टूलला आत ओढून घेतं, म्हणून टूलचा माथा सपाट ठेवायचा. कीस सुयांसारखा उडतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा. नकाशात माप असतं, क्रम नसतो. तो काकांच्या हातात होता.

किचनरमधल्या एका सामायिक वर्कशॉपमध्ये, जुन्या लेथवर, दोन शनिवारांत मूठ तयार झाली. नळीवरून ती अलगद सरकते. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी आपण सगळ्यांनीच 'जॉब' घासला. नंतर 'जॉब' म्हणजे नोकरी एवढाच अर्थ उरला. पितळेचा तो तुकडा हातात घेतल्यावर जुना अर्थ पुन्हा आठवला.

आता मुद्द्याचं. आपल्यापैकी कितीतरी घरांत आजोबा सुपर व्हिसावर आलेले आहेत. कुणी किर्लोस्करमध्ये होते, कुणी टेल्कोत, कुणी स्वतःचं वर्कशॉप चालवलं. बाहेर बर्फ, गाडी चालवता येत नाही, म्हणून चार-पाच महिने ते टीव्हीसमोर बसून काढतात. आपण त्यांना गोळ्या घेतल्या का, जेवलात का, हे विचारतो. त्यांनी आयुष्यभर काय बनवलं, ते कसं बनवलं, हे विचारत नाही. माझ्या काकांचं वय आता ७६ आहे. त्यांना ठाऊक असलेला क्रम कुठल्याही फाईलमध्ये लिहिलेला नाही.

म्हणून एक सुचवतो. या हिवाळ्यात महिन्यातून एका शनिवारी वर्कशॉपमध्ये जाऊ. आजोबा सांगतील, आपण मशीन चालवू, मुलं बघतील. पेंटबॉलच पाहिजे असं नाही. दिव्याची पितळी समई वळवली तरी चालेल. नावं माझ्याकडे द्या. आणि आज घरी गेल्यावर आजोबांना एवढंच विचारा, "आधी काय करायचं आणि मग काय?"